सहा नंबरची थप्पी

गव्हाच्या थप्पीत हात घालायचा तर डावा घालावा, असं मोठीचं ठाम मत होतं. उजवा हात तव्याशी आणि उकळत्या भांड्यांशी झुंजून निबर झालेला असतो. गहू आतून तापलाय की पोत्याला नुसतं खिडकीतलं ऊन लागलंय, हे त्याला कळत नाही. डावा हात लाडावलेला, त्याला लगेच कळतं. म्हणून रोज सकाळी कोठाराचं दार उघडलं की ती घड्याळ काढून खिशात टाकायची, डावी बाही कोपराच्या वर सारायची आणि एकेका थप्पीपाशी जाऊन दोन पोत्यांमधल्या फटीत कोपरापर्यंत हात घालून डोळे मिटून उभी राहायची. पोत्यांवर पोती रचून छताला भिडलेल्या अशा वीस थप्प्या. वीस वेळा डोळे मिटायचे.

"श्श! कोठारबाई गव्हाला फोन लावतायत," मुकादम हमालांना म्हणायचा. "लागली का हो लाइन?"

"लागली. तुझे चहाचे तीन कप झाले म्हणतोय सकाळपासून," मोठी डोळे न उघडता सांगायची.

बावीस वर्षं ही फेरी चालू होती. थप्पी कुठे आतून तापायला लागली, ओल धरली, किडा लागला, की आधी मोठीच्या हाताला कळायचं, मग नाकाला, आणि साहेबांना सगळ्यात शेवटी. एखादा दाणा दाताखाली धरून ती कट् असा आवाज ऐकायची. आवाज बोथट आला की पोती बाहेर काढून पसरायला लावायची. शहरातल्या गिरण्या, इस्पितळं, वसतिगृहं, शाळांची स्वयंपाकघरं सगळी याच कोठारावर जगत होती, आणि मोठीच्या हाताखालून गेलेलं एक पोतंही आजवर परत आलं नव्हतं.

घरी तिचं स्वतःचं म्हणावं असं फारसं काही नव्हतं. स्वयंपाकघर सासूबाईंचं, खिडकीजवळची खुर्ची सासूबाईंच्या गुडघ्यांची, नवरा अर्धा आईचा आणि अर्धा त्याच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाचा. फेरी तेवढी तिची.

मग धाकटी आली. म्हणजे घरात ती चार वर्षांपूर्वीच आली होती, धाकट्या दिराची बायको म्हणून, आणि त्याचं मोठीला काही वाईट वाटलं नव्हतं. उलट भांडी विसळायला दोन हात वाढले म्हणून बरंच वाटलं होतं. पण दीड वर्षापूर्वी ती कोठारात आली, आणि तिथून मोठीच्या पोटात दुखायला सुरुवात झाली.

झालं असं, की वरच्या लोकांनी ठरवलं, ज्यांच्यावाचून देश एक दिवस चालणार नाही अशा गोष्टींत वीज, पाणी आणि पूल यांच्या जोडीला धान्याची कोठारं धरायची. आणि नुसती कोठारं नाहीत, तर त्यांचा कारभार ज्यांवर चालतो ते कॉम्प्युटरही. फाटकावर भलीमोठी पाटी लागली: 'राष्ट्रीय महत्त्वाची सुविधा. विनापरवाना प्रवेश नाही.' मोठी पाटीखाली पाच मिनिटं उभी राहिली. बावीस वर्षं ती जिथे हात घालत होती ती जागा महत्त्वाची आहे, हे कुणाला तरी कळलं म्हणून तिचा ऊर भरून आला. मग कळलं, की त्या महत्त्वाची राखण करायला एक नवीन जागा निघाली आहे, परीक्षा झाली आहे, आणि त्या परीक्षेत पहिली आली आहे ती घरातलीच, आपली धाकटी.

धाकटीला बसायला काचेची खोली मिळाली. खोलीला एसी.

"कॉम्प्युटर तापतात ना ताई, म्हणून," धाकटीने समजावलं.

"हो का? गहू तापतो तेव्हा मात्र माझा हात," मोठी म्हणाली.

धाकटीला गळ्यात घालायला लाल पट्टीचं कार्ड मिळालं. ते दाखवलं की काचेचं दार आपोआप सरकायचं. मोठीचं कार्ड करड्या रंगाचं. ते दाखवून कुठलंच दार सरकत नव्हतं, कोठाराचं तर खांदा लावून ढकलावं लागायचं. संध्याकाळी दोन्ही कार्डं घराच्या दाराशी एकाच खुंटीवर लटकायची. आठवड्याभरातच मोठीला सवय लागली. बाजाराची पिशवी ती नेमकी त्याच खुंटीवर अडकवायची, लाल पट्टी झाकेल अशी.

आता धाकटी वाईट होती का? मुळीच नाही. तेच तर दुखणं होतं. वाईट असती तर मोठीने चार शब्द सुनावले असते आणि मोकळी झाली असती. पण ही ताई ताई करत मागे यायची, रविवारी कणीक मळायची, आणि तीसुद्धा चांगली मळायची.

पुढे कोठाराच्या छतातून तारा सोडल्या. प्रत्येक थप्पीच्या पोटात एक तार, तिला मण्यांसारखे सहा तापमापक. कुठला मणी किती गरम ते काचेच्या खोलीत पडद्यावर दिसायचं. साहेबांनी सगळ्यांना अंगणात जमवून सांगितलं, की तीस दिवस चाचणी चालेल. तोवर बाईंची फेरीही चालेल. तीस दिवस पडद्याने बरोबर सांगितलं, तर हाताची फेरी बंद.

"मग मी?" मोठीने विचारलं.

"तुम्ही फाटकावर, काट्याच्या खोलीत. ट्रक आला की वजन लिहायचं. बसून काम, बाई. तुम्हालाही आराम."

मोठीने आयुष्यात आराम मागितला नव्हता. तिने धाकटीकडे पाहिलं. धाकटी खाली बघत होती, आणि तिने खाली बघितलं याचाही मोठीला राग आला.

चाचणीच्या नवव्या दिवशी कोठारात पाण्याचा नळ फुटला. बरोबर चौदा नंबरच्या थप्पीवर. सहा नंबरचा गहू आदल्या आठवड्यातच गिरण्यांना गेला होता, ती जागा रिकामी होती. मोठीने हमालांना हाताशी धरून चौदाची सगळी थप्पी उचलून सहाच्या जागेवर रचून घेतली. थप्पीवर लटकणारी खडूने लिहिलेली '१४' ही पाटीही पोत्यांबरोबर गेली. कोठारात हा नियमच होता. नंबर मालाचा, जागेचा नाही. माल जिथे जाईल तिथे त्याचा नंबर जाणार. तिसऱ्या दिवशी नळ दुरुस्त झाला, नवीन गहू आला, तो चौदाच्या मोकळ्या जागेवर उतरवला आणि त्याला त्या वेळी सुटा असलेला नंबर दिला, सहा. हे मुकादमाला माहीत होतं, हमालांना माहीत होतं. धाकटीला सांगावं असं मोठीला वाटलं नाही. विचारलं कुठे तिने?

खरं तर नवीन गहू उतरवला त्या दिवशी आणखी एक गोष्ट राहिली. पोती थेट जमिनीवर ठेवत नाहीत, खाली लाकडी फळ्या असतात. त्या फळ्या पालथ्या करून ओल बघायची मोठीची रीत होती. पण ती पहिली फळी उचलत होती, तेवढ्यात बाहेर अंगणात टाळ्या वाजल्या.

"काय झालं रे?"

"तुमच्या जाऊबाईंनी चोर पकडला," मुकादम धावत येऊन म्हणाला.

चोर म्हणजे एक पत्र होतं. ट्रकांची यादी सोबत जोडली आहे, उघडून पाहा, असं नेहमीच्या वाहतूकदाराच्या नावाने कॉम्प्युटरवर आलेलं. कारकून उघडणारच होता. धाकटीने त्याचा हात धरला. उघडलं असतं तर म्हणे कोठाराचे सगळे कॉम्प्युटर आतून कुलूपबंद झाले असते, आणि किल्ली कुठल्या तरी परक्याच्या हातात. साहेबांनी स्वतःच्या हाताने धाकटीला चहा आणून दिला. बावीस वर्षांत त्यांनी मोठीला 'बसा' म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. ती दारातून तो चहा बघत राहिली, मग हमालांना म्हणाली, "रचा, रचा. कोरड्या आहेत फळ्या." बघितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी जेवताना सासूबाईंचा फोन सुटेना. "आमची धाकटी हो, देश राखते!" बहिणीला सांगून झालं, शेजारणीला सांगून झालं.

"आणि मी काय राखते, आई?" मोठीने भात वाढता वाढता विचारलं.

"तू? तू गहू राखतेस."

"मग देश खातो काय? पासवर्ड?"

नवऱ्याला ठसका लागला. धाकटी तर हसून हसून ताटावर वाकली. "ताई, हे मी उद्या ऑफिसात सांगणार हं!"

आणि तिने सांगितलं. दुसऱ्या दिवशी साहेब कोठारात आले तेच हसत. "बाई, तुमच्या जाऊबाई भारीच विनोदी आहेत हो! काय तर म्हणे, देश पासवर्ड खातो का!"

मोठीने बाही वर सारली आणि थप्पीत हात घातला. डोळे मिटले, ते जरा जास्तच घट्ट.

चोविसाव्या दिवशी, सोमवारी, सहा नंबरच्या थप्पीत तिचा हात थबकला. गहू कोमट होता. तापाची कणकण असलेल्या मुलाच्या कपाळासारखा. तिने हात आणखी आत सारला, बाहेर काढून हुंगला. अगदी पुसट, आंबूस-गोड वास. ती सरळ कारकुनाकडे गेली. काचेच्या खोलीतले आकडे त्याच्या टेबलावरही दिसायचे.

"सहा किती दाखवतंय रे?"

"सव्वीस. एकदम मस्त."

सव्वीस! तिच्या हाताच्या हिशेबाने पस्तीसच्या खाली नव्हतं. कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं मोठीला हलकं वाटलं. यंत्र चुकलं होतं. लाल पट्टी, एसी, पहिला नंबर, साहेबांच्या हातचा चहा, सगळं चुकलं होतं, आणि हे जगात एकट्या तिला माहीत होतं. ती परतते न परतते तोच धाकटी लगबगीने कोठारात आली.

"ताई, चौदा नंबर बघितलात आज? पडदा छत्तीस दाखवतोय."

मोठीने तिच्याकडे शांतपणे पाहिलं. "चौदा? चौदा गार आहे."

"नक्की?"

"माझ्या हातावर विश्वास नसेल तर तुझा घाल."

धाकटीने '१४'ची पाटी शोधली, तिथल्या फटीत हात घातला, सोबत आणलेला तापमापक खुपसला. गार. पंचवीस. ती गोंधळून पाटीकडे बघत राहिली. "मग पडदा खोटं का बोलतोय?"

इथे मोठीने म्हणायचं होतं, अगं, सहाचंही खोटंच बोलतोय. एवढं एक वाक्य. ते जिभेवर आलंही. पण तिने ते गिळलं. तिला तिसावा दिवस दिसत होता. अंगणात वरचे अधिकारी, साहेब, कारकून, हमाल. पडद्यावर सहा नंबर गारेगार. आणि ती सगळ्यांसमोर डावी बाही वर सारून म्हणणार, घाला बघू हात. सहा दिवसांत असं काय होणार होतं? चार पोती जातील.

"यंत्रांचं मला काय कळतंय," ती म्हणाली.

मंगळवारी पडद्यावर चौदाचा आकडा एकोणचाळीस झाला. धाकटीने तारा तपासल्या, मणी तपासले, सगळे धडधाकट. संध्याकाळी ती जेवायला बसली, ती नुसती बोटांनी भात चिवडत.

"कुणीतरी मधेच आकडे बदलतंय," ती म्हणाली. "तार बरोबर, थप्पी गार, आणि पडद्यावर ताप. म्हणजे बाहेरून कुणीतरी आत शिरलंय. आज एका थप्पीचा आकडा फिरवला, उद्या विसांचा फिरवतील. शहरात बातमी गेली की गहू सडला, तर लोक दुकानं फोडतील. नाहीतर उलट करतील, सडलेला असून गार दाखवतील. मग आपण तोच गहू इस्पितळात पाठवू."

मोठीचा घास हातातच राहिला. "शिरलं कशावरून? यंत्रच खुळं असेल."

"खुळं असतं तर कसंही वागलं असतं, ताई. हे बरोबर एकाच थप्पीवर, हळूहळू चढवत नेतंय. जसं खरंच काही तापत असावं."

सासूबाई उठल्या, धाकटीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि तिच्या केसांतून बोटं फिरवू लागल्या. "नको गं एवढा त्रास करून घेऊस." बावीस वर्षांत मोठीच्या डोक्यावर ती बोटं फिरली होती एकदाच, बाळंतपणात, आणि तेव्हाही नर्स बघत होती म्हणून. आधी मनात जी थोडी कालवाकालव झाली होती ती तिथल्या तिथे विझली. शोध म्हणावं चोर. बस शोधत.

बुधवारी आकडा त्रेचाळीसवर गेला, आणि धाकटीने नियमाप्रमाणे नेटवर्क तोडलं. कोणी आत शिरल्याचा संशय आला की कोठाराचं बाहेरच्या जगाशी असलेलं नातं तोडायचं, तपासणारे येईपर्यंत काही चालू करायचं नाही. पण ट्रकांचे गेटपासही त्याच कॉम्प्युटरमधून निघायचे. दहा वाजता फाटकाबाहेर सहा ट्रक होते, बारा वाजता सव्वीस. ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला पेपर अंथरून बसले. फोन वाजायला लागले. एका गिरणीचा, दोन वसतिगृहांचा. मग मुलांच्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला. तो योगायोगाने मोठीने उचलला.

"दळणाचा गहू उद्या दुपारपर्यंतच पुरेल हो, बाई," पलीकडची बाई म्हणाली. "तुमच्याकडे काही झालंय का?"

"काही नाही. सुटतील ट्रक," मोठी म्हणाली, आणि फोन ठेवल्यावरही तिचा हात त्याच्यावरच राहिला.

कोठारात मुकादम तिची वाटच बघत होता. "कोठारबाई, तुमच्या सहाला आज फोन लावू नका. चटका बसेल."

तिने डावा हात घातला आणि झटकन बाहेर घेतला. दाणे ओलसर, एकमेकांना चिकटलेले. वास आता पुसट नव्हता. जवळून जाणाऱ्या कुणालाही आला असता. वाकून तिने सगळ्यात खालची फळी चाचपली. बोटं भिजली. नळाचं पाणी. टाळ्यांच्या दिवशी न बघितलेलं.

थप्पी फोडायची तर तार आधी ओढून घ्यावी लागणार, म्हणून ती तार कुठून येते ते बघायला तिने मान वर केली. बावीस वर्षांत तिने कोठारात वर कधी बघितलं नव्हतं. बघण्यासारखं सगळं खालीच होतं. तार छताच्या नळीतून उतरत होती, आणि नळीवर पांढऱ्या रंगाने नीटनेटक्या आकड्यांत लिहिलं होतं: १४.

खाली पाटी सहाची. वर नळी चौदाची.

मोठी तशीच मान वर करून उभी राहिली. मग सहाच्या जुन्या जागेपाशी गेली. पाटी चौदाची, नळी सहाची. तिचा नंबर पोत्यांबरोबर चालत गेला होता. धाकटीचा नंबर छताला खिळून बसला होता. पडदा पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता. हातही खरा होता. कुठला चोर नि कुठलं काय.

आणि हे पुन्हा एकदा, जगात एकट्या तिला माहीत होतं.

ती एका पोत्यावर बसली. गप्प राहिलं तर? छताकडे इथे कुणी बघत नाही. तपासणारे येतील, त्यांना काहीच सापडणार नाही. उगाच घाबरून शहराचा गहू अडवला म्हणून धाकटीचं नाव खराब होईल, चाचणी बाद होईल, आणि फेरी राहील. तिची फेरी. तिला हवं होतं ते सगळं समोर वाढून ठेवलं होतं; हात पुढे करायचा अवकाश. बाहेर ट्रकचे हॉर्न वाजत होते. आणि समोर थप्पी तापत होती, मिनिटामिनिटाला. बावीस वर्षांत गव्हाने तिच्याशी कधी लबाडी केली नव्हती. तापला तर तापला म्हणाला, गार तर गार.

"उतरवा रे ती पोती!" ती उठून ओरडली. "वरून सुरुवात करा, बाहेर अंगणात पसरा. हात लावायला लागा, बघताय काय!" आणि तिने '६'ची पाटी ओढून काढली नि काचेच्या खोलीकडे चालू लागली.

काचेचं दार अर्थातच सरकलं नाही. आत धाकटी फोनवर होती, डोळे सुजलेले, समोर साहेब येरझारा घालत होते. मोठीने काचेवर थापा मारल्या. साहेबांनी आतून 'नंतर' असा हात केला. तिने पाटी काचेला लावली. सहा. मग बोट वर केलं, छताकडे. मग पाटी हनुवटीखाली दाबून दोन्ही हातांची दहा बोटं आणि वर चार. साहेबांना वाटलं बाईंचं डोकं फिरलं. पण धाकटी पाटीकडे बघत हळूहळू उभी राहिली, तिच्या हातातला फोन खाली आला, आणि दार सरकलं.

"तुझा चौदा म्हणजे माझा सहा," मोठी धापा टाकत म्हणाली. "नळ फुटला तेव्हा माल हलवला. आमच्यात नंबर मालाबरोबर जातो. तुझा पडदा बरोबर आहे. चोर नाही, थप्पी खरंच तापलीय."

साहेब लगेच वरच्या लोकांना फोन लावायला वळले. धाकटीच्या तोंडावर एकदम रंग आला, आणि लगेच उतरला.

"कधीपासून तापलीय?"

मोठीने पाटीवरचा खडू अंगठ्याने पुसला. "सोमवार."

"सोमवारी मी तुम्हाला विचारलं होतं."

"चौदाचं विचारलंस. चौदा गार होता. खोटं नाही बोलले मी."

"नाही," धाकटी म्हणाली. "खोटं नाही बोललात." आणि ती वळून कॉम्प्युटर चालू करायला लागली. त्यापेक्षा तिने थोबाडीत मारली असती तर मोठीला बरं वाटलं असतं.

संध्याकाळपर्यंत सव्वीसच्या सव्वीस ट्रक सुटले. पहिला मुलांच्या इस्पितळाचा. थप्पीची बाराशे पोती. त्यातली मधली आणि तळची एकशे साठ गेली. ती काळी पडलेली, गाठी झालेली पोती अंगणाच्या कोपऱ्यात रचून ठेवली होती, आणि घरी जाताना मोठी त्यांच्याकडे न बघता गेली.

गुरुवारी धाकटीने वर पाठवायचा अहवाल लिहिला. कारकुनाने मोठीला गुपचूप वाचून दाखवला. 'पाट्यांचे क्रमांक व तारांचे क्रमांक यांत मेळ नसल्याने गोंधळ झाला. कोठारातील ज्येष्ठ कर्मचाऱ्यांच्या दक्षतेमुळे तो वेळेत लक्षात आला.' सोमवारचा शब्दही नव्हता. साहेबांनी काचेच्या खोलीत ऐकलं होतं. पण गडबडीत त्यांच्या कानांत चोर नाही एवढंच शिरलं होतं.

"वाचलात, बाई," कारकून म्हणाला. "जाऊ असावी तर अशी."

मोठीच्या अंगाचा तिळपापड झाला. दक्षता म्हणे! म्हणजे गव्हाची राखण केली धाकटीने, देशाची केली तिने, आणि आता मोठेपणाही तिनेच घ्यायचा? थोरल्या जावेने करायची गोष्ट धाकटीने आधी करून टाकावी? कणीकही हिचीच चांगली, मनही हिचंच मोठं? ती ताडताड साहेबांकडे गेली.

"त्या कागदात सोमवार लिहा," ती म्हणाली. "सोमवारी मला कळलं होतं. मी बोलले नाही. आणि फळ्याही मी बघितल्या नव्हत्या."

"का बोलला नाहीत?"

मोठीने खिडकीबाहेर बघितलं. "पोटात दुखत होतं," ती म्हणाली, आणि साहेबांनी खरंच विचारलं, "मग आता बरं आहे का?"

लेखी ताकीद मिळाली. बावीस वर्षांतली पहिली. ती तिने चौकोनी घडी करून घड्याळाच्या खिशात ठेवली. नंबर यापुढे जागेचे ठरले. मालाची पाटी निळ्या खडूने, वेगळी. आणि हाताची फेरी चालू राहिली, कारण वरून आलेल्या अधिकाऱ्याने विचारलं, की पडदा आणि हात दोन्ही असताना हे समजायला तीन दिवस का लागले. त्याने ठरवून दिलं, की रोज सकाळी दोघींनी मिळून फेरी मारायची. एकीकडे आकडे, एकीकडे हात. फाटकावरच्या काट्याच्या खोलीतली मोठीची खुर्ची रिकामीच राहू द्यायची.

तर आता रोज सकाळी धाकटी तिच्याबरोबर असते. पहिला आठवडा ती कामापुरतंच बोलली. ताई म्हणायची, पण ते ताई वेगळं होतं, अहवालातल्या शब्दांसारखं सरळ आणि कोरडं. मोठीनेही माफी मागितली नाही. तिला ते येतच नव्हतं. तिने फक्त बाजाराची पिशवी दुसऱ्या खुंटीवर अडकवायला सुरुवात केली. धाकटीने ते पाहिलं की नाही, कोण जाणे.

दुसऱ्या आठवड्यात धाकटीने विचारलं, "मी घालू हात?"

"उजवा नाही. डावा."

"का?"

मोठीने तवा, भांडी, सगळं समजावून सांगितलं. धाकटीने डावा हात घातला, डोळे मिटले. मुकादम लांबून ओरडला, "दोन-दोन लाइनी चालू झाल्या का आता?" आणि धाकटी, डोळे न उघडता, "हो, तुमचाच निरोप चाललाय, चहा बंद," म्हणाली. हमाल मोठीच्या विनोदांना हसायचे त्याहून जरा जास्तच हसले. मोठीच्या लक्षात आलं.

महिना गेला असेल. एका सकाळी अकराव्या थप्पीपाशी धाकटी थांबली. हात आतच होता. "ताई, इथे जरा वेगळं वाटतंय. गरम नाही. पण... जड. ओलसर."

"आकडा किती?"

"आकडा ठीक आहे. म्हणून तर विचारतेय."

मोठी दोन मिनिटांपूर्वीच त्या थप्पीवरून पुढे गेली होती. तिला काही जाणवलं नव्हतं. ती परत आली, धाकटीने हात काढला त्याच फटीत तिने आपला घातला, डोळे मिटले. बराच वेळ उभी राहिली. होतं. अगदी पुसट, पण होतं. दीड महिन्यात या पोरीला हात आला होता. तिला स्वतःला तो यायला चार वर्षं लागली होती.

तीच ती ओळखीची कळ पोटातून वर आली. मोठीने ती येऊ दिली. मग हात बाहेर काढला आणि मुकादमाला हाक मारली.

"अकरा फोडायला घ्या. खालच्या फळ्या उलट्या करून मला दाखवा. सगळ्या. एकूण एक." आणि धाकटीकडे न बघता, बाही खाली करता करता म्हणाली, "आणि तू अंगठी काढत जा आधी. अंगठी घालून एवढं कळतंय, काढलीस तर माझी कशाला गरज आहे?"

धाकटीने अंगठी काढली, क्षणभर तळहातावर धरली, आणि मोठीच्या घड्याळाच्या खिशात, त्या चौकोनी घडीशेजारी टाकून दिली.

"सांभाळा," ती म्हणाली. "बारा नंबर तुम्ही आधी बघा, ताई."